लग्न, आजार आणि गैरवर्तन

माणसाला नोकरीवरून काढायची कारणं कोणकोणती असू शकतात? भारतीय लष्करानं १९७७ साली ती लिहून ठेवली होती. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कायम कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्यांसाठी 'आर्मी इन्स्ट्रक्शन ६१' नावाचा एक कागद निघाला. त्याच्या अकराव्या कलमात नोकरी संपण्याची कारणं अशी: अ, वैद्यकीय मंडळानं सेवेला नालायक ठरवलं तर. ब, लग्न केलं तर. क, गैरवर्तन, कराराचा भंग किंवा असमाधानकारक काम.

मैत्रिणींनो, हा क्रम सावकाश वाचा. एका अंगाला आजार, दुसऱ्या अंगाला गैरवर्तन आणि मधोमध लग्न. मुलगी पंचविशीच्या पुढं गेली की जिथं घरादाराची झोप उडते, जिथं सौभाग्यवती हे नावामागं लावायचं बिरुद आहे, त्याच देशाच्या सरकारनं एका विशिष्ट नोकरीतल्या बाईला सांगितलं, की लग्न हा तुझ्या बाबतीत एक दोष आहे. आणि हे कुठल्या काळात? संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे महिला वर्ष जाहीर केलं, पुढं महिला दशक जाहीर केलं, आपल्याकडे गावोगाव शिबिरं सुरू झाली, त्या दशकाच्या दुसऱ्या वर्षी!

कुणी म्हणेल, लष्कराची शिस्त असते, ती सगळ्यांना सारखी. ती सारखी नव्हती. ही सेवा ज्या कायद्यावर उभी आहे तो १९४३ चा अध्यादेश. त्यात अधिकारी होण्याची पात्रताच मुळी 'स्त्री असेल तर' अशी लिहिलेली आहे. म्हणजे लग्नाची अट बसली ती फक्त बायांवर. त्याच रुग्णालयात काम करणारा डॉक्टर कॅप्टन होता, मेजर होता, त्याच्या लग्नात युनिटचे लोक बँड घेऊन जात. त्याच्याबरोबर ऑपरेशन थिएटरात उभी राहणारी, खांद्यावर त्याच्यासारखेच स्टार लावणारी बाई मात्र बोहल्यावर चढली की घरी.

लेफ्टनंट सेलिना जॉन यांचं प्रकरण आपल्यापैकी काहींनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. एका दिवसाची बातमी झाली आणि विषय संपला. त्यांना १९८५ साली कमिशन मिळालं, सिकंदराबादच्या लष्करी रुग्णालयात नेमणूक झाली. लष्करातल्याच एका मेजरशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांना सेवेतून मोकळं करण्यात आलं. मेजरसाठी असा नियमच नव्हता. लष्करी न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठानं २०१६ साली सांगितलं, की ही बडतर्फी बेकायदा आहे, त्यांना परत घ्या. त्यावर सरकारनं काय केलं असेल? सर्वोच्च न्यायालयात अपील! हा नियम सरकारनं स्वतःच २९ ऑगस्ट १९९५ च्या पत्रानं मागं घेतलेला होता. स्वतः मोडीत काढलेल्या नियमाच्या बचावासाठी सरकार वीस वर्षांनंतर वकील लावून उभं राहिलं.

१४ फेब्रुवारी २०२४ ला निकाल लागला. असा नियम उघडउघड मनमानी आहे, लग्न केलं म्हणून बाईची नोकरी घालवणं हा स्त्री-पुरुष भेदाचा ढळढळीत प्रकार आहे, असा पितृसत्ताक नियम मान्य करणं म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेलाच धक्का लावणं आहे, असं न्यायालयानं म्हटलं. आठ आठवड्यांत साठ लाख रुपये द्या, न दिल्यास वर बारा टक्के व्याज. नोकरी काही परत मिळाली नाही. कशी मिळणार? मध्ये छत्तीस वर्षं गेली होती.

आता माझा यात काय संबंध, ते सांगते. मी नागपुरात मुलकी रुग्णालयात तीस वर्षं परिचारिका होते. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठी. १८२१ पासूनची छावणी, तिथं लष्करी रुग्णालय आहे. आमच्या शिकाऊ दिवसांत मुलींमध्ये मिलिटरी नर्सिंगचं मोठं आकर्षण होतं. पगार बरा, इज्जत होती, राहण्याची सोय होती. आणि एक गोष्ट आपल्या अंकात स्पष्टच लिहायला हवी. नर्सिंगमध्ये तेव्हा कोणाच्या मुली येत? ख्रिस्ती घरांतल्या, बौद्ध घरांतल्या, टाकलेल्या, विधवा. परक्या पुरुषाचं अंग पुसणं, मलमूत्र काढणं, हे काम 'चांगल्या घरच्या' मुलींनी करायचं नाही, हा आपल्याकडचा जातीचा दंडक. धर्मपेठेतल्या बाईला सिस्टर लागायची, पण सिस्टर सून म्हणून नको असायची. अशा घरांतली मुलगी वर्दी घालून अधिकारी होते, शिपाई तिला सलाम करतो, ही त्या घरांसाठी केवढी गोष्ट होती! लग्नाची अट आली ती या मुलींच्या वाट्याला. त्यांच्यामागे वकील नव्हते, काका-मामा मंत्रालयात नव्हते.

कामठी रोडला राहणारी एक निवृत्त लष्करी सिस्टर माझ्या ओळखीची आहे. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. १९८० च्या सुमाराला ती कमिशन घेऊन बाहेर पडली. कारगिलच्या युद्धात, १९९९ साली, ती उत्तरेतल्या एका बेस हॉस्पिटलात होती. ती युद्धाबद्दल फार बोलत नाही. बोलली तर कामाबद्दल बोलते. हेलिकॉप्टरचा आवाज आला की आधी खाटा मोजायच्या. जखमीचे बूट कापूनच काढायचे, ओढायचे नाहीत. थंडीनं गेलेली बोटं आधी पांढरी दिसतात, मग काळी पडतात, आणि पोरगं विचारत असतं की सिस्टर, बोटं राहतील ना? आईचं नाव, गावाचं नाव विचारत राहायचं, म्हणजे भूल चढेपर्यंत त्याचं लक्ष पायाकडे जात नाही. सलग किती तास उभं राहिलो याची नोंद कुठं ठेवलेली नसते, असं ती म्हणते.

लग्नाचं मी तिला फार उशिरा विचारलं. ती म्हणाली, "लोकं विचारून राहिले, सिस्टर, तुम्ही लग्न काऊन नाही केलं? करू दिलं का, हे कोणी नाही विचारत." एक माणूस होता. सरकारी शाळेत मास्तर. नोकरी सोड, असं तो कधी म्हणाला नाही. पण तीन धाकटी भावंडं शिकत होती, गिरणीचे दिवस फिरले होते, घर तिच्या मनिऑर्डरवर चालायचं. नऊ वर्षं तो थांबला आणि मग त्यानं दुसरीकडे लग्न केलं. नियम मागं घेतल्याचं पत्र निघालं तेव्हा तिला सदतिसावं लागलेलं होतं. "मेसमधी एकीनं येऊन सांगितलं. आम्ही चहा पीत होतो. कोणी काही बोललंच नाही," एवढंच ती म्हणाली.

या बाईला कुणी बडतर्फ केलं नाही. तिचं नाव कुठल्याच खटल्यात येणार नाही. नुकसानभरपाईच्या कुठल्याच व्याख्येत ती बसत नाही. पण नियमानं तिचंही आयुष्य घेतलंच की! काढून टाकलेल्या बायकांपेक्षा, काढून टाकतील म्हणून ज्यांनी लग्नच केलं नाही त्या कितीतरी जास्त असणार. हा नियम शिक्षेसाठी नव्हताच. त्याचा उपयोग धाकासाठी होता, आणि त्या धाकामागे एक साधा हिशेब होता. अविवाहित बाईला कुटुंबाचं क्वार्टर द्यावं लागत नाही. बाळंतपणाची रजा नाही, नवऱ्याच्या गावी बदलीचा अर्ज नाही, पोराला ताप आला म्हणून सुट्टी नाही. ती मेसमध्ये राहते, रात्री दोनला बोलावलं तरी हजर. तिची आज इथून तिथं बदली करा, ट्रंक घेऊन निघते. बाईचे सगळेच्या सगळे चोवीस तास एका पगारात विकत घ्यायची ही युक्ती.

युक्ती आपली नव्हे, गोऱ्या साहेबाची. लष्करी परिचारिकांची पहिली तुकडी २८ मार्च १८८८ ला मुंबईत उतरली. दहाजणी होत्या, ब्रिटिश सोल्जरांची शुश्रूषा करायला आणलेल्या. पुढं राणी अलेक्झांड्राच्या नावानं जी शाही लष्करी परिचर्या सेवा उभी राहिली, तिथं बाई अविवाहित किंवा विधवाच पाहिजे होती. १९२६ साली हिंदी मुलींसाठी कायमची सेवा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात हात कमी पडू लागले तेव्हा १९४३ चा अध्यादेश आला. त्या युद्धकाळात व्हाइसरॉयच्या अध्यादेशांवरची सहा महिन्यांची मुदत उठवलेली होती, म्हणून हा अध्यादेश स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. सैन्याचा कायदा १९५० मध्ये नव्यानं केला गेला. नर्सेसचा करायला आपल्या संसदेला सवड झाली नाही.

आणि हा नियम निसर्गाचा नव्हे, सोयीचा आहे, हे बघायचं असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथंही लष्करी नर्सचं लग्न झालं की तिला सेवेतून जावं लागे. १९४२ साली युद्ध अंगावर आलं, नर्सेस पुरेनात, तेव्हा लगेच ठरलं की लग्न झालेली बाईसुद्धा चालेल. जखमा बांधताना मंगळसूत्र किंवा अंगठी आड येते, हा शोध शांततेच्या काळातच लागत असतो.

दर वर्षी १२ मेला परिचारिका दिन येतो. आमच्या वॉर्डात मेणबत्त्या लावायचे, मोठे साहेब यायचे, त्याग, सेवा, ममता यांवर भाषण करायचे. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा तेवढा आमच्या हातात दिला. तिच्या दुसऱ्या हातात खातेवही होती, ती कुणी दाखवली नाही. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात गेलेल्या या बाईनं मेलेले सैनिक मोजले. गोळ्यांपेक्षा घाणीनं, पटकीनं, अतिसारानं जास्त मेले, हे आकड्यांनी मांडून तिनं ब्रिटनच्या युद्धखात्याला घाम फोडला. त्यांच्या संख्याशास्त्र सोसायटीनं तिला सदस्य करून घेतलं, पहिली स्त्री सदस्य. ती मोजणारी बाई होती. भाषणं करणाऱ्यांना दिव्यावालीच बरी वाटते, कारण दिवा धरणारी बाई पगाराचं, पेन्शनचं विचारत नाही.

आपल्याच माणसांचं पाहा. चीनवर जपाननं हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून एक वैद्यकीय पथक पाठवलं. पाच डॉक्टर, पाचही पुरुष. त्यांत सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. पथकात एकही परिचारिका नव्हती. कोटणीसांनी तिथं जिच्याशी लग्न केलं ती क्वो छिंगलान त्याच आघाडीवर परिचर्या शिकवत होती. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात वारले तेव्हा तिच्या मांडीवर काही महिन्यांचं पोर होतं. शांतारामबापूंच्या १९४६ च्या सिनेमात ती आली ती नायकाची बायको म्हणून. २०१२ साली ती वारली, महाराष्ट्रात किती जणांना कळलं? डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, ते मोठेच होते. पण रणांगणावरचा डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं नाव उभं राहतं, आणि नर्स म्हटलं की नुसती पांढरी टोपी.

या विसराळूपणात सरकार एकटं नाही. सैन्यात स्त्रिया १९९२ पासून आल्या असं आपणच लिहितो, भाषणात सांगतो. १९९२ पासून इतर शाखा उघडल्या, हे खरं. पण नर्सेस त्याआधीपासून कमिशन घेऊन होत्या. १९७६ साली गर्ट्रूड राम या नर्सिंग सर्व्हिसच्या प्रमुख मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात या हुद्द्याला पोचलेली ती पहिली स्त्री. आपल्या कुठल्या पोस्टरवर तिचं नाव आहे? आणि वर्षाचा योगायोग बघा. १९७६ ला एक परिचारिका जनरल होते आणि १९७७ ला परिचारिकांच्या लग्नावर कलम लिहिलं जातं.

हा मजकूर आमच्या बैठकीत वाचला तेव्हा एका मैत्रिणीनं जोरात हरकत घेतली. तिचं म्हणणं असं: आपण युद्धाच्या विरोधात आहोत. लष्कर हे पुरुषी हिंसेचं सगळ्यात मोठं यंत्र आहे. ईशान्येत, काश्मीरमध्ये बायकांना त्याचा काय अनुभव आहे, ते आपण याच अंकांतून छापलं आहे. मग त्या यंत्रातल्या अधिकाऱ्यांच्या लग्नासाठी, पेन्शनसाठी आपण का भांडायचं?

हरकत खोटी नाही, म्हणून उत्तर नीट देते. मथुरावर १९७२ साली अत्याचार झाला तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात. उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी ठरवलं आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. त्या संतापातून ही चळवळ देशभर उभी राहिली. म्हणून आपण महिला पोलिसांच्या प्रश्नांकडे पाठ फिरवली का? ठाण्यात बायांसाठी संडास नाही, गरोदर शिपाई बाईला बंदोबस्ताला उभी करतात, यावर आपणच निवेदनं दिली. यंत्रणेला विरोध आणि यंत्रणेत राबणाऱ्या बाईचा हक्क या दोन गोष्टी आपल्याला एकाच वेळी बोलता येतात. आणि ही बाई तर बंदूक धरत नाही. बंदुकीनं जे होतं ते ती रात्रभर शिवत बसते. युद्ध काय असतं हे विचारायचं झालं तर मी जनरलला विचारणार नाही, तिला विचारेन.

दुसरंही एक कारण आहे. ही लढाई फक्त लष्करातली कधीच नव्हती. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग करणाऱ्या मुलींना लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. त्यांच्या युनियननं दावा लावला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की या अटीला काही आधार नाही, लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात हे कारण चालणार नाही. १९७९ साली परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणाऱ्या नियमाचे वाभाडे काढले. पण १९८१ मध्ये त्याच न्यायालयानं विमानातल्या हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणाला नोकरी घालवणारी अट रद्द केली आणि पहिली चार वर्षं लग्न नको ही अट मात्र रास्त ठरवली! म्हणजे एक पाऊल पुढं, अर्धं मागं. १९६५ साली पाकिटं भरणाऱ्या मुलींना जो न्याय मिळाला, तो लेफ्टनंट हुद्द्याच्या बाईपर्यंत पोचायला २०२४ उजाडलं. युनियन असणं आणि नसणं यातला हा फरक आहे, असं माझं मत आहे. लष्करात युनियन करता येत नाही. तिथल्या बाईचं भांडण बाहेरच्या बायांनीच करायला हवं.

निकाल लागला, साठ लाख मिळाले, आता काय राहिलं असं म्हणू नका. साठ लाख एकीला मिळाले. १९७७ ते १९९५ ही अठरा वर्षं नियम लागू होता. त्या अठरा वर्षांत लग्नाच्या कारणावरून किती जणींना काढलं? त्यांतल्या कितीजणी खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबल्या, किती घरी बसल्या, किती पेन्शनीविना म्हाताऱ्या झाल्या? चूक एका नियमाची होती तर भरपाई नियमाखाली आलेल्या प्रत्येकीला, न मागता मिळाली पाहिजे. प्रत्येकीनं छत्तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या का? आणि लष्करी नर्स म्हणजे माजी सैनिक की नाही, हा वादसुद्धा पंजाबातल्या एका बाईला २०२४ सालीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. राज्याच्या नोकरभरतीत माजी सैनिकांच्या जागा असतात. तिला त्या नाकारल्या होत्या, न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. २००३ मध्ये हेच न्यायालय म्हणालं होतं, की या परिचारिका सैन्याचा भाग आहेत खऱ्या, पण त्यांचा वर्ग वेगळा. काम करायच्या वेळी सैन्याच्या, घेण्याच्या वेळी वेगळ्या!

म्हणून आमच्या गटानं माहितीच्या अधिकाराखाली संरक्षण मंत्रालयाकडे अर्ज टाकायचं ठरवलं आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची, आणि प्रश्न साधे विचारायचे. इन्स्ट्रक्शन ६१ च्या कलम ११ ब खाली १९७७ पासून ऑगस्ट १९९५ पर्यंत वर्षावार किती अधिकाऱ्यांना सेवामुक्त केलं. त्यांतल्या किती जणींनी दाद मागितली, किती जणींना काही मिळालं. २०२४ च्या निकालानंतर उरलेल्यांसाठी काही निर्णय झाला का, झाला असेल तर त्याची प्रत द्या. नावं मागायची नाहीत, ती त्या बायकांची खासगी बाब आहे. फक्त आकडे मागायचे. प्रत्येक गटानं आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन यावं आणि माजी सैनिकांच्या नोंदवहीत परिचारिका किती आहेत ते विचारावं. पुणे, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर इथल्या मैत्रिणींना छावण्या जवळ आहेत, त्यांनी निवृत्त सिस्टरांना शोधून त्यांच्याशी बोलावं. पण टेपरेकॉर्डर समोर ठेवून पहिल्याच दिवशी लग्नाचं विचारू नका. आधी कामाचं विचारा, त्याबद्दल त्यांना खूप सांगायचं असतं. अर्जाचा मराठी आणि इंग्रजी नमुना आमच्याकडे तयार आहे, पाकिटावर तिकीट लावून पाठवलंत की परतीच्या टपालानं पाठवू.